पौषातली खस

डिसेंबर सरत आला असताना अंजनाबाई कुहीच्या एसटीत बसल्या. पिशवीत दांडे काढलेल्या दोन कुदळी होत्या, सुतळीचा गुंडा होता, आणि धाकट्या भावाला काय काय सुनवायचे याची मनात पक्की जुळवणी झालेली होती. नागपूरच्या इंदोऱ्याहून निघताना त्यांचा मुलगा प्रीतम म्हणाला होता, "आई, मामासंग भांडाले चालली का खस आणाले?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "पयले भांडण, मंग खस."

खस म्हणजे पुस्तकातला वाळा. नाल्याच्या काठावर बेटाबेटाने वाढणारे, माणसाच्या डोक्यावर जाणारे गवत. गवताला कोणी विचारत नाही. किंमत जमिनीखालच्या मुळ्यांना. त्या हात-दीड हात खोल जातात, काठाची माती मुठीत धरल्यासारखी धरून ठेवतात. त्या खणून, धुऊन, वाळवून बांबूच्या कमच्यांमध्ये दाबून बसवल्या की कुलरची ताटी तयार होते. नागपूरचा उन्हाळा निर्दय असला तरी कोरडा असतो, आणि ओल्या ताटीतून येणारी हवा थंड होते ती त्या कोरडेपणामुळेच. हवा दमट असती तर या शहरात कुलर नावाची वस्तूच रुजली नसती. अंजनाबाईंना हे कोणी शिकवले नव्हते, पण मे महिन्यात आभाळ आले की गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते आणि लू सुटली की आशीर्वाद देते, एवढे त्यांनी चाळीस वर्षांत पुरते ओळखले होते.

प्रीतमचे कुलर दुरुस्तीचे दुकान होते. तिथे लाकडाच्या सालीच्या ताट्या आणि कागदी हनीकोंबही मिळत. पण महाल, धंतोली, रामदासपेठेतली वीसेक घरे अशी होती, की जी अंजनाबाईंच्या हातच्या खसेशिवाय दुसरे काही लावतच नसत. पाणी सुटले की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या घरात ओल्या मातीसारखा, किंचित गोडसर वास भरे. ही घरे खरे तर त्या वासाचीच गिऱ्हाइके होती.

हा धंदा त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी दोन नियम घालून दिले होते. पौष लागल्याशिवाय काठाला कुदळ लावायची नाही, कारण तोवर मुळी कच्ची असते आणि तिला वास नसतो. आणि मुळ्या कापून घेतल्या की वरचा गड्डा त्याच खड्ड्यात परत ठेवून, माती लोटून, टाचेने दाबून यायचे. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. वडील गेले तरी अंजनाबाईंनी या दोन गोष्टींत कधी कसूर केली नाही. एकेक गड्डा त्या स्वतःच्या टाचेने दाबत. बरोबरच्या मजूर बायकांवर हे काम त्यांनी कधी सोडले नाही.

तरीही तीन वर्षांत कुहीकडच्या माहेरच्या नाल्याचा काठ उजाड होत चालला होता. पूर्वी तीनशेवर बेटे असत, गेल्या पौषात ती सव्वाशेवर आली. धाकट्या भावाची, धोंडबाची जमीन नाल्याला लागून होती, राखणही त्याच्याकडेच. आणि धोंडबाने तीन वर्षांपूर्वीच शेळ्या घेतल्या होत्या. अंजनाबाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निकाल देऊन टाकला.

भाऊ फाट्यावर घ्यायला आला होता. त्याने हातातली पिशवी घेतली, तिचे वजन पाहिले.

"जयभीम बाई. कुदळी आणल्या वाटते. भावासाठी काई खायाले नाही आणलं?"

"तुह्या शेळ्यांनी खाल्लं तेच लय झालं."

 धोंडबा पन्नाशी ओलांडलेला, कमरेत किंचित वाकलेला माणूस. एरवी तो एकाला दोन ऐकवी. आज मात्र पिशवी खांद्यावर टाकून पुढे चालू लागला, आणि अंजनाबाईंना ते गप्प राहणे कबुलीसारखे वाटले.

घर दोन खोल्यांचे, वर टिनाचे छप्पर. बाहेरच्या खोलीत धोंडबाची बायको शामला खाटेवर होती. सव्वा वर्षापूर्वी तिला लकवा मारला तेव्हापासून डावे अंग निर्जीव होते. बोलणे मात्र शाबूत राहिले होते.

"या बाई. मी उठून चहा केला असता, पण मले आजकाल लय आळस आला हाये," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

"तू आळशी हायेसच. लग्नात बी बसूनच होती," अंजनाबाईंनी तिच्या उशाशी बसत उत्तर दिले. शामलाच्या हातावर हात ठेवताना त्यांचा राग थोडा उतरला. पण चहा होताच त्या उठल्या. "चाल गा धोंडू, काठ दाखव मले."

नाला कोरडा पडला होता. पात्रात गोटे आणि भेगाळलेला गाळ, आणि एका कोपऱ्यात शेवाळलेले डबके. सप्टेंबरमधल्या पुराने धोंडबाच्या धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, एक कोपरा धुऱ्यासकट, कडेच्या बांधासकट कापून नेला होता. जिथे धुरा गेला होता, तिथे दोन वर्षांपूर्वी खस होती, हे अंजनाबाईंना आठवले. त्यांनीच ती खणली होती आणि गड्डे परत दाबले होते.

त्या वरच्या अंगाला गेल्या. गेल्या पौषातले त्यांचे खड्डे ओळखू येत होते. एकाही खड्ड्यावर हिरवे पाते नव्हते.

"पाय," त्या म्हणाल्या. "एक नाही, दोन नाही, सगळे. तुले सांगितलं होतं का नाही, का चार महिने इकडे शेळ्या सोडू नको? बाबाचं राखलेलं होतं हे. तुले नसन पायजे तं सांगाचं, मी गडी ठेवला असता."

"शेळ्या इकडे येत नाहीत बाई."

"मंग कोनं खाल्लं? मी?"

धोंडबा खाली बसला. एका खड्ड्यातली माती त्याने बोटांनी उकरली आणि गड्डा उपटून बहिणीच्या हातात दिला. तो न ओढताच आला, वाळक्या शेणीसारखा हलका. अंजनाबाईंनी तो उलटसुलट केला. बुडख्यावर पात्यांचे खुंट जसेच्या तसे होते, त्यांच्याच विळ्याने तिरके कापलेले. शेळीचा दात कुठे लागला नव्हता. मुळ्या कापल्या होत्या तिथून नवा एक पांढरा तंतूही सुटलेला नव्हता. गड्डा खाल्ला गेला नव्हता. तो खड्ड्यात ठेवल्यापासून जगलाच नव्हता.

त्यांनी दुसरा उपटला, मग तिसरा. सात-आठ गड्डे हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. मनात जुळवून आणलेले शब्द होते, पण ते आता कोणाला उद्देशून म्हणायचे हे कळेना.

"खाली चाल," त्या म्हणाल्या. "वळणावरची पायते."

"तिथं काय पायते? तिथं काई नाही," धोंडबा घाईने म्हणाला.

वळणावर सगळे होते. गेल्या पौषात अंजनाबाई इथवर उतरल्याच नव्हत्या. नाल्याच्या आतल्या कुशीत, काठाच्या पायथ्याशी, दहा-बारा बेटे डोक्याएवढी उंच वाढून उभी होती. त्यांची रांग नव्हती. कुठे दोन चिकटून, कुठे एकटेच, कोणी वेंधळ्याने फेकून दिल्यासारखी. आणि त्यांच्या वर, चार हातांवर, जुने बुजलेले खड्डे होते.

"हे कोनं खणलं?"

"चोरानं," धोंडबा म्हणाला.

"कवा?"

"गेल्या वर्षी. दसऱ्याच्या नंतर."

"कच्ची खस चोरणारा चोर मी जलमात नाही पायला. तू काहून नाही सांगितलं मले?"

धोंडबाने टोपी काढून डोके खाजवले आणि परतीच्या वाटेला लागला. "शामलाची औषधाची वेळ झाली," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो मागे शेळ्यांकडे गेला. अंजनाबाई पडवीत हात धुवायला गेल्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेली ती ताटी त्यांना दिसली. खिडकीएवढी. कमच्या जाड-बारीक, बांधणी सैल, सुतळीऐवजी नायलॉनची दोरी. इतकी वाईट ताटी त्यांच्या दुकानातून कोणी नेली असती तर त्यांनी ती परत मागवून जाळली असती. त्यांनी नाक जवळ नेले. वास अगदी नाहीसारखाच. मुळ्या फिकट, दोऱ्यासारख्या बारीक.

"ते चोराचं काम होय," आतून शामला म्हणाली. "तो चोर माह्या घरी राह्यते."

अंजनाबाई ताटी हातात घेऊन आत आल्या.

"रागावू नका त्याले," शामला म्हणाली. "तवा मी नुकतीच खाटेले लागली होती. आक्टोबरचं ऊन, वरून टिन तापे. मले कूस बदलता येत नव्हती बाई, पाठीले फोड आले. लाइन दिवसभर जाये, पंख्याचा काई भरवसा नाही. मी रडून राहिली होती, तं हा उठला अन् कुदळ घेऊन गेला. येताना चिखलानं भरून आला. रात्री काई जेवला नाही. म्हणे, बाबाची आण मोडली, बाईले कोन्या तोंडानं सांगू."

"अन् ताटीनं थंड वाटलं?"

"तुमी कुलरवाल्या अन् मले विचारता?" शामला म्हणाली. "मी त्या दिवशी दुपारी झोपली. पंधरा दिवसांत पयल्यांदा. तो बाहेरून लोट्यानं पाणी मारत बसला. मंग उन्हाळाभर बी हेच लावली."

अंजनाबाईंनी लोटाभर पाणी आणले, ताटी दारात उभी केली आणि वरून सोडले. दुपारचा वारा वाहत होता. त्यांनी तळहात मागच्या बाजूला धरला. वास आला नाही. गारवा मात्र त्यांच्या उत्तम ताटीइतकाच होता.

धोंडबा दाराशी येऊन उभा राहिला होता. बायकोने सांगून टाकले आहे हे त्याने बहिणीच्या चेहऱ्यावरून ओळखले.

"चारच बेटं घेतली होती बाई," तो म्हणाला. "अन् गड्डे मी दाबले बी नाही. मले लाज वाटून राहिली होती. कोनी पायलं तं, म्हणून तसेच तोडून खाली चिखलात फेकले अन् पळालो."

"चारातून दहा-बारा झाले."

"झाले खरे. ते जगले म्हणून तं जास्तच लाज वाटे. बाबाच्या रीतीनं तू केलं ते मेलं, अन् मी चोरावाणी केलं ते जगलं. हे तुले सांगू कसा?"

अंजनाबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, आणि विचारताना त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. "नाल्याचं पाणी आता कवा तुटते गा?"

"दिवाळी झाली का डबकी उरतात. मार्गेसरात ते बी नाही."

"बाबाच्या वक्ताले?"

"बाबाच्या वक्ताले आपण होळीले आंघोळ करत होतो नाल्यात. तू मले बुडवलं होतं एकदा. पाऊस सावकाश पडे, महिना-महिना. आता चार दिवसांत सगळा पडते, काठ तोडते अन् निंघून जाते. वरतून जो तो मोटर लावून उपसते. थांबाले पाणी राह्यतेच कुठं?"

पौषात खणा, असे वडील सांगत तेव्हा पौषात नाला वाहत असे. टाचेने दाबलेल्या गड्ड्याला खालून ओल मिळे आणि होळीपर्यंत त्याला नव्या मुळ्या सुटत. वडिलांनी महिना सांगितला होता. ओलीचे त्यांनी वेगळे सांगितले नव्हते, कारण ती असणारच होती. ज्यावर आपण उभे आहोत ती जमीन आहे असे कोणी सांगत नाही. अंजनाबाई तो महिना पाळत राहिल्या. नियमाची पहिली अर्धी बाजू पाळताना दुसरी अर्धी त्यांच्या पायाखालून निघून गेली होती. तीन वर्षे त्यांनी जिवंत गड्डे कोरड्या मातीत पुरले, आणि तेही इतक्या श्रद्धेने, की हवा जाऊ नये म्हणून वरून घट्ट दाबून.

"मीच मारली," त्या म्हणाल्या.

"काई मारली-बिरली नाही," शामला खाटेवरून म्हणाली. "तुमाले कोनं सांगावं? नाला काय चिठ्ठी पाठवते?"

संध्याकाळी त्यांनी प्रीतमला फोन लावला. या साली खस खणत नाही, असे सांगितले.

"आई, वीस घरं हायेत आपली. त्यांले काय सांगू?"

"खरं सांग. काठावर सव्वाशेच्या जागी सत्तर उरली. आता खणली तं तीही मरतात. पुढच्या आश्विनात, पाणी हाये तोवर खणू."

"आश्विनातल्या खसले वास नसते म्हणून तूच मले लहानपणापासून सांगून राहिली."

"नसते," अंजनाबाई म्हणाल्या. "ते बी सांग."

 प्रीतमला हनीकोंब विकायला हरकत नव्हती, आईला हे त्याने कितीदा तरी सुचवले होते. पण आता ती स्वतःच म्हणते आहे म्हटल्यावर त्याला आनंद झाला नाही. "मामाशी भांडली का?" एवढेच त्याने विचारले.

"भांडाले वेळच नाही भेटला."

मार्चमध्ये महालातले श्रीधरराव पत्नीसह दुकानात आले. निवृत्त लेखापाल, ताटी हातात घेऊन आधी हुंगायची आणि मग उजेडात धरून पाहायची त्यांची सवय होती. खस नाही हे ऐकून ते खुर्चीवर बसलेच. अंजनाबाईंनी त्यांना नाल्याचे सगळे सांगितले, काही न लपवता. आपली चूक सांगताना त्या अडखळल्या, पण त्यांनी ती सांगितली.

"आणि पुढच्या वर्षी जी मिळेल, तिला वास येणार नाही म्हणता?"

"जवळपास नाही, साहेब. थंड करन, पण वास नाही."

"मग ती खस कसली?" श्रीधरराव म्हणाले. त्यात राग नव्हता, निराशा होती. "अंजनाबाई, पंचवीस वर्षं आमच्याकडे उन्हाळा त्या वासानं सुरू होतो. आमची आई अंथरुणावर होती तेव्हा डोळे मिटून सांगायची, की ताटी लावली वाटतं."

"मला मात्र त्या वासानं दर वर्षी आठवडाभर डोकं धरतं," त्यांच्या पत्नी ताराबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कधी."

श्रीधररावांनी पत्नीकडे असे पाहिले, की प्रीतमला पाठ फिरवून स्क्रू शोधायला लागावे लागले. ते त्या वर्षापुरते हनीकोंब घेऊन गेले. पुढच्या वर्षाचे हो किंवा नाही त्यांनी सांगितले नाही. वीसपैकी सहा घरे त्या उन्हाळ्यात एसीकडे वळली, आणि ती परत येतील असे अंजनाबाईंनी मनात धरले नाही. मे महिन्यात त्यांच्या हातांना काम नव्हते. त्यांचे हात मोकळे आहेत असा आयुष्यातला तो पहिला मे.

आश्विनात त्या गेल्या. पाऊस थांबून दहा-बारा दिवस झाले होते, नाला गुडघाभर वाहत होता. दोघा भावंडांनी मिळून चाळीस बेटे खणली. चिखलात कुदळ फसे, पाय निसटे, आणि धोंडबा एकदा बसला तो कमरेपर्यंत. शेजारच्या शेतातले नत्थूजी धुऱ्यावर उभे राहून पाहत होते.

"काहून गा धोंडबा, या वयात म्हशीवाणी लोळून राहिला?"

"बहिणीनं लहानपणी बुडवलं होतं, राह्यलेलं आज पुरं करून राहिली," धोंडबा म्हणाला.

गड्डे त्यांनी काठाच्या पायथ्याशी, ओलीच्या रेषेलगत लावले, आणि काही वर, जिथे धुरा तुटला होता तिथे. तिथली माती राहिली तरच पुढच्या पुरात धोंडबाची बांधी राहणार होती. वरच्यांना तो रोज दोन घागरी पाणी घालीन म्हणाला. मुळ्या पातळ निघाल्या, चाळीस बेटांतून जेमतेम दहा घरांच्या ताट्या होतील एवढ्या. अंजनाबाईंनी त्या धुऊन पडवीत पसरल्या आणि रात्री झोपण्याआधी एक मूठ नाकाशी धरून पाहिली. मग ती शामलाला दिली.

"येते का काही?"

शामलाने हुंगले. "चिखलाचा येते," ती म्हणाली.

पौषात अंजनाबाई पुन्हा गेल्या. नाला आटला होता, पण लावलेल्या गड्ड्यांच्या बुडाशी बोट खुपसले की माती अजून थंड लागत होती. चाळीसपैकी सव्वीस फुटले होते. सहा रानडुकरांनी उलटून टाकले होते. बाकीचे आठ कुजले किंवा वाळले, त्यांत वर लावलेल्यांतले निम्मे होते.

धोंडबा त्यांच्या मागून चालत होता. त्याने विचारले, "बरं का वाईट?"

"बाबाच्या हातचे चाळीसातले चाळीस जगत."

"बाबाच्या वक्ताले पाणी होतं बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "होतं."

त्या वाकून एका गड्ड्याच्या कोवळ्या पात्यांवरून हात फिरवत राहिल्या. कडेची धार बोटाला लागली. मग त्यांनी उलटलेले सहा खड्डे पाहिले, डुकरांच्या खुरांच्या खुणा पाहिल्या, आणि वरच्या बांधावरच्या बोरीकडे बघितले.

"काटे तोड गा," त्या म्हणाल्या. "रात्री परत येतात ते. अंधार व्हायच्या आत कुंपण घालून टाकू."

धोंडबाने कोयता घेतला. अंजनाबाईंनी पदर खोचला आणि तो तोडत गेला तशा त्या फांद्या ओढत नेऊ लागल्या.